ह्याच्यात पाय कुठं हाय?

सोनोग्राफीच्या खोलीत किस्से फार साठतात. याचं कारण मी पुष्कळ वर्षं शोधतोय. खोलीत अंधार असतो, पेशंट आडवा असतो आणि डॉक्टर स्क्रीनकडे बघत असतो. कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. अशा वेळी माणूस बोलतो! शेजारच्या एक्स-रेच्या खोलीत "हलू नका, श्वास रोखा" म्हणतात. तिथं किस्से होणार कसे?

मी मूळचा हट्टा गावचा. आयुष्यभर मेडिकल कॉलेजात रेडिओलॉजी शिकवली आणि निवृत्तीनंतर हिंगोलीला येऊन राहिलो. सकाळच्या वेळी एका जुन्या विद्यार्थ्याच्या सेंटरवर बसतो. तो गरोदर बायका आणि पोटाचे पेशंट बघतो, मी लेकरांचे पाय बघतो. मुरगळलेले, सुजलेले, झाडावरून पडलेले. "सर, तुमचा घोटा आला!" अशी बाहेरून हाक येते.

एक अडचण आधीच सांगून टाकतो. रिपोर्टमध्ये "बहुधा", "असावे", "खात्रीसाठी पुन्हा तपासावे" हे शब्द मी इतके वापरले, की आता गप्पा मारतानाही तेच तोंडात येतात. तेव्हा खालचं सगळं बहुधा असंच घडलं, असं समजा.

*

आमच्या दाराबाहेर कायद्याची पाटी आहे, "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही". पाटीखालच्या बाकावर कायम पोटुशा बायका. त्यामुळे सोनोग्राफी म्हणजे बाळंतपणाचं काम, हे आमच्याकडे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

एकदा कळमनुरीकडचे एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन आले. हाडांच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिलेली. आजोबांनी पाटी वाचली, बाकाकडे बघितलं आणि काउंटरवरच्या आमच्या शोभाताईंना म्हणाले, "बाई, चिठ्ठी चुकली जनू. हे पोरगं हाय!"

"आजोबा, पायाची सोनोग्राफी आहे."

"पायात काय ऱ्हाते व?"

अख्खा बाक हसला. आत आल्यावर नातू स्क्रीनकडे बघून ओरडला, "आजा, ह्यायच्या टीव्हीला मुंग्या आल्या!"

आजोबांनी माझ्या हातातल्या, पायावर फिरवायच्या प्रोबकडे निरखून बघितलं आणि अगदी आदरानं सुचवलं, "डाक्टरसायेब, अँटेना जरा हालवा ना."

मी हलवला. चित्र स्वच्छ झालं.

"बघा!" आजोबा म्हणाले. "म्या काय म्हनलं!"

*

लेकरांचा घोटा बघताना मी आधी चांगला पाय बघतो. लहान मुलाच्या हाडाची टोकं अजून पूर्ण हाड झालेली नसतात. तिथं कूर्चा असते, आपल्या कानासारखी लवचिक. ती वयाप्रमाणे बदलते, म्हणून त्या लेकराची तुलना त्याच्याच दुसऱ्या पायाशी करायची. पुस्तकात तसंच आहे. बहुतेक पुस्तकांत.

सेनगावकडची एक आई मात्र उसळली. "सायेब, दुखते तो पाय ह्यो! तुमी तो काहून धरला?"

"ताई, आधी चांगला बघायचा असतो."

"चांगल्याला काय बघता? तो तर चांगलाच हाय!"

मी शास्त्र समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. बाहेर जाऊन बाकावरच्या बायकांना म्हणाली, "म्हाताऱ्याला डावं-उजवं कळत न्हाई. लक्ष ठिवा!"

ते ऐकून मी रिपोर्ट परत उघडला आणि डावा लिहिलाय की उजवा, हे तपासलं. बरोबर होता. नंतर अजून एकदा उघडला.

*

एक किस्सा मी हसून सांगायला घेतो, पण तो हसत संपत नाही.

एका बापानं आपल्या मुलाला आणलं. घोटा सुजलेला. कुणी म्हणालं मुरगळला, कुणी म्हणालं लचक भरली, गावात चोळूनही घेतलेला. बापाच्या मनात एकच भीती होती. पाय मोडला असेल तर प्लास्टर लागेल, आणि प्लास्टरचं पोरगं घरी ठेवून रानात जायचं कसं?

मी प्रोब ठेवला. हाड शाबूत होतं, हाडांना बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या शाबूत होत्या. पण हाडावरचं आवरण जिथं तिथं उचललं गेलं होतं, सांधा भरला होता. मग मी दुसरा पाय बघितला, तर तिथंही तेच! मुलाच्या मानेला हात लावला. गाठी लागल्या. कुठं न पडता-आपटता मांडीवर उठलेले निळे डाग दिसले. दुखणं पायाचं नव्हतं, रक्ताच्या कॅन्सरचं होतं, बहुधा.

"सायेब, मोडलं न्हाई ना?"

"नाही. मोडलेलं नाही. पण..."

त्यानं तोवर फोन लावलासुद्धा. "मोडलं न्हाई वं! आईला सांग, मोडलं न्हाई! व्हय, मोठ्या डाक्टरनं सांगितलं!"

पलीकडून कुणीतरी आनंदानं ओरडल्याचं मला ऐकू आलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिलो, त्याचं बोलणं संपायची वाट बघत.

*

आता अश्विनीचं सांगतो.

ती सेनगावकडच्या एका खेड्यातली, आठवीतली पोरगी. खो-खो खेळताना खुंटाजवळ वळली आणि पाय आत मुडपला. आई-बाप दोघंही बरोबर आलेले. बापाचं नाव बालाजी. तो जीपवाल्याला थांबवायला बाहेर राहिला आणि आई पोरीला धरून आत आली.

आमच्याकडे गरोदर बाईचा फॉर्म भरताना पहिला प्रश्न शेवटच्या पाळीचा असतो. शोभाताई दिवसभर तोच विचारतात. मान वर न करता, खणखणीत आवाजात. त्या दिवशीही मान वर न करता विचारलं, "नाव? वय? शेवटची पाळी कधी आली होती?"

पोरगी गोरीमोरी झाली.

शोभाताईंनी वर बघितलं. "अगं बाई! तू पायाची ना! जा, जा आत, सरांकडे."

बाक हसला. त्या बाकावर अश्विनीच्याच गल्लीतली एक पोटुशी बाई बसली होती. तीही हसली.

आत मला काही माहीत नव्हतं. मी माझ्या आनंदात! लहान मुलांत घोट्याची दोरी तुटायच्या आधी कूर्चेचा एक पापुद्रा उचकटून येतो. एक्स-रेत तो दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतो. तो मला इतका सुंदर दिसला, की मी शेजारच्या खोलीतून फेरोजला बोलावून दाखवला. फेरोज आमचा एक्स-रे टेक्निशियन. "देख, एक्स-रे काढला असता तर नॉर्मल म्हणून सोडली असती!"

"सही बात है सर," फेरोज म्हणाला. हे तो माझ्याकडून रोज ऐकतो.

अश्विनीनं एकच विचारलं, "सर, म्या परत खेळीन ना?"

"नक्की," मी म्हणालो. "बहुधा" म्हणालो नाही. पट्टी बांधायला पाठवलं, विश्रांती सांगितली आणि सोनोग्राफीचा काळा-पांढरा फोटो हातात दिला.

*

काही आठवड्यांनी बालाजी एकटाच आला. टोपी हातात घेऊन बसला. फोटो खिशातून काढला. घड्या पडून मऊ झालेला.

"सायेब, ह्याच्यात पाय कुठं हाय, तेवढं दाखवा."

मी दाखवलं. ही पांढरी रेघ म्हणजे हाड. ही दोरी. हा उचकटलेला तुकडा.

तो बघत राहिला. "तुमी दाखवलं की दिसते. म्या दाखवलं की कोनाला दिसत न्हाई."

मग हळूहळू निघालं. गल्लीतल्या बाईनं गावात सांगितलं होतं, बालाजीच्या पोरीला सोनोग्राफीला नेलं, पाळी विचारली, पोरगी खाली मान घालून आत गेली. तिनं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. बाकीचं गावानं जोडलं. भावकी जमली. बालाजीनं पुरावा म्हणून हा फोटो सगळ्यांपुढं ठेवला. आणि ज्याच्या सुनेची नुकतीच सोनोग्राफी झाली होती अशा एका चुलत्यानं, जाणकार म्हणून, टाचेच्या गोल रेघेवर बोट ठेवलं.

"हे काय, डोकं दिसून राहिलं ना!"

मी फोटो जवळ घेऊन बघितला. दिसत होतं. एकदा कुणी तसं म्हटल्यावर मलासुद्धा क्षणभर दिसलं.

"शाळा बंद केली तिची," बालाजी म्हणाला. "माझी आई म्हनते, घरात ठिवा. माझा भरोसा हाय पोरीवर, सायेब. पन म्या एकलाच हाय."

मी त्याला लेटरहेडवर मराठीत लिहून दिलं, ही तपासणी उजव्या घोट्याची होती. सही केली, शिक्का मारला. त्यानं कागद वाचला, घडी केला आणि तसाच हातात धरून बसला.

"लिवलेलं काय सायेब, कोनी बी म्हनन, लिवून घेतलं. तुमी एक्स-रे काढा. त्याच्यात हाडं दिसतात. हाड समद्याला कळते."

*

लेकरांना विनाकारण एक्स-रेचे किरण द्यायचे नाहीत, हे मी जन्मभर सांगत आलो. घोट्याच्या एका एक्स-रेचे किरण ते किती, अगदी थोडे. तरी "थोडे म्हणजे शून्य नव्हे" हे वाक्य माझ्या विद्यार्थ्यांनी माझ्या नकला करताना सगळ्यात जास्त वापरलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी बालाजी पोरीला घेऊन आला. पायावर पट्टी, चेहरा ओढणीत. मी तिला मागच्या दारानं घ्यायला सांगितलं. मग वाटलं, मागच्या दारानं नेलेली कुणी बघितली तर? पुन्हा पुढच्या दारानं घ्यायला सांगितलं. ती बिचारी दोन दारांमध्ये उभी!

फेरोजनं चिठ्ठी बघितली आणि माझ्याकडे बघितलं. "सर, आप? बच्ची का? सोनोग्राफी में तो सब आ गया था!"

"काढ."

"मगर वजह क्या लिखूँ?"

"वजह आहे. घोट्याला दुखापत, असं लिही."

त्यानं तिला टेबलावर घेतलं, पोटावर शिशाचा एप्रन नीट पांघरला. किरण पोटाला लागू नयेत म्हणून आम्ही तो प्रत्येक लेकराला पांघरतो. पण त्या पोरीनं एप्रनकडे बघितलं, मग पोटाकडे बघितलं आणि तोंड फिरवून घेतलं.

फिल्म आली. बालाजीनं ती ट्यूबलाइटसमोर धरली. नडगी, टाच, बोटं, सगळं जागच्या जागी.

"ह्यो पाय हाय," तो म्हणाला. "आता पाय हाय!"

आणि रडला. नॉर्मल एक्स-रे बघून रडलेला बाप मी दुसरा बघितलेला नाही.

*

मधल्या काळात शोभाताईंचं काय झालं तेही सांगायला हवं. झाला प्रकार त्यांना कळला, तेव्हापासून त्यांच्या तोंडून तो पहिला प्रश्न निघेना. मुलगी दिसली की घाम फुटायचा. बाई दिसली तरी फुटायचा.

एकदा दिवस भरलेली एक बाई कमरेवर हात ठेवून डुलत डुलत काउंटरपर्यंत आली. तिला बाळाशिवाय दुसऱ्या कशासाठी कुणी आणेल, असं आंधळ्यालाही वाटलं नसतं.

शोभाताई उभ्या राहिल्या, हात जोडले आणि विचारलं, "ताई, कोणता पाय?"

बाई हसली, तिची सासू हसली, बाक हसला. शोभाताई तेवढ्या आत येऊन माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून रडल्या. "सर, मी दिवसातून इतक्यांदा विचारते हो. मला काय माहीत, कुणाला विचारलं!"

मी म्हणालो, "तुमचं चुकलं नाही." मग म्हणालो, "बहुधा."

हे दुसरं मी काय म्हणून बोललो, देव जाणे.

*

बालाजीचा फोन मी अधूनमधून लावत होतो. एकदाच उचलला.

"एक्स-रे दाखवला का?"

"दाखवला की. समद्याला पाय दिसला. चुलत्यानं बी मान्य केलं. पाय हाय म्हनाला."

"मग झालं तर!"

मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"मग त्यानं फिल्म उलटीपालटी करून बघितली, सायेब. म्हनला, पाय हाय, पन पायाला झालं काय? कुठं मोडलं न्हाई, कुठं चीर न्हाई. इतका चांगला पाय हाय, तर सोनोग्राफी कशाची केली?"

मी त्याला सांगायला लागलो, की तो तुकडा कूर्चेचा, कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, म्हणूनच तर...

"व्हय सायेब," तो म्हणाला. "तुमचं बराबर हाय."

अश्विनीला मावशीकडे, दुसऱ्या जिल्ह्यात पाठवली होती. तिथं शाळेत घातलं का, विचारलं. म्हणाला, घालनार हायेत.

*

शेवटचा किस्सा. हा मी अजून कुणाला नीट सांगू शकलेलो नाही.

काही महिन्यांनी तिच्या शाळेतल्या गुरुजींचा फोन आला. एक्स-रेच्या पाकिटावर सेंटरचा नंबर होता, त्यावरून लावलेला. बालाजी ती फिल्म घेऊन गावभर फिरला, शेवटी शाळेत आला, मास्तरांना दाखवली आणि तिथंच टाकून गेला. गुरुजी विज्ञान शिकवतात. त्यांनी ती आठवीच्या वर्गाच्या खिडकीला चिकटवली. ऊन आलं की हाडं उजळतात.

"पोरं रोज हाडांची नावं विचारतात, सर. मला टाचेच्या पुढं येत नाहीत. तुम्ही येता का एकदा?"

मी जाऊ की नको यात पुष्कळ दिवस घालवले. मग सेनगावहून जीपनं गेलो.

वर्ग साधाच, पोरं जमिनीवर बसलेली. खिडकीत पाय. गुरुजींना मी हळूच विचारलं, अश्विनीचं काही कळलं का? ते म्हणाले, "टीसी न्यायला कुणीच आलं नाही, सर. टीसीशिवाय दुसरी शाळा तिला घेणार नाही आणि मला तिचं नाव काढता येणार नाही. हजेरीत रोज घ्यावं लागतं."

मी पोरांना हाडं शिकवली. ही नडगी, हा घोटा, ही टाच. कॉलेजात शिकवताना जितका घाबरायचो त्याहून जास्त घाबरलो होतो. हाडाच्या टोकाजवळ एक काळी आडवी फट होती, ती मी खडूनं दाखवली.

"ही फट मोठ्या माणसात नसते. लेकरातच असते. इथून हाड वाढतं. वाढ संपली की ती बुजते."

पुढं बसलेली एक पोरगी उठून खिडकीजवळ गेली आणि फट निरखून बघितली.

"म्हंजे सर, अश्विनीची उंची अजून वाढायची हाय?"

"हो."

"बहुधा" म्हणायला हवं होतं का, याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात गुरुजी कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे, हजेरी राहिलीच की आज!" आणि नावं घ्यायला लागले. एकेक पोर "हजर गुरुजी" म्हणत होतं. काही पेंगत, काही ओरडून.

"अश्विनी बालाजी."

वर्गातली सगळी तोंडं खिडकीकडे वळली.

"हजर गुरुजी!" अख्खा वर्ग एका आवाजात म्हणाला.

गुरुजींनी मान वर केली नाही. पुढचं नाव घेतलं.